पैसे घेऊन केलेल्या शिफारशीची जबाबदारी कुणाची?

रानजाई
प्रश्न सरळ आहे. इन्फ्लुएन्सर पैसे घेऊन एखाद्या वस्तूची, हॉटेलची, जमिनीची शिफारस करतो आणि व्हिडिओखाली कुठेतरी 'पेड पार्टनरशिप' लिहून मोकळा होतो. एवढ्यावर त्याची जबाबदारी संपते का? माझ्या मते नाही संपत. पैसे घेतले हे सांगणं ही सुरुवात झाली. आपण जे छातीठोकपणे सांगतोय ते खरं आहे का, हे बघणंही त्याचंच काम आहे.

निमित्त असं की माझा मामेभाऊ पिंपरीला कारखान्यात नोकरी करतो. कोकणात दोन-चार गुंठे आपले असावेत ही त्याची जुनी इच्छा. गावाकडचे व्हिडिओ करणारा एक मुलगा आहे, त्याचं चॅनल हा वर्षानुवर्षं बघतो. शिमगा, पालखी, कलमांची फवारणी, त्या मुलाची आजी, तिच्या हातचे घावणे. तो मुलगा आमच्याकडे जेवणाच्या ताटावरच्या गप्पांत घरातल्यासारखा येतो. त्याने रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्लॉटिंगचा व्हिडिओ केला. 'आपल्या माणसांसाठी आपली जमीन', 'टायटल क्लिअर', 'एनए होतंय', 'शेवटचे काहीच प्लॉट'. भावाने दिलेल्या नंबरवर फोन लावला आणि ५१,००० रुपये टोकन भरलं. नंतर सातबारा काढला तर जमीन शेतीची, सामायिक, आणि रस्ता शेजाऱ्याच्या बांधावरून. टोकन परत मागितलं तर म्हणे नॉन-रिफंडेबल. त्या मुलाला मेसेज केला. उत्तर आलं, 'दादा, मी फक्त माहिती दिली. व्यवहार तुम्ही बघून करायचा असतो.'

व्हिडिओ पैसे घेऊन केल्याचं डिस्क्रिप्शनमध्ये होतं. 'आणखी पाहा' दाबल्यावर, कॅमेरा आणि माईकच्या लिंकांच्याही खाली, इंग्रजीत.

भावाने आधी चौकशी करायला हवी होती, त्यावर दुमत नाही. मला दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचंय. तुमचं मत लिहा. कुणी स्वतः असे व्हिडिओ करत असेल तर त्यांनी आवर्जून लिहा.

चहाबाज
स्पष्ट बोलतो, ताई. व्हिडिओ बघून जमिनीचे पैसे भरणाऱ्याचीच ही जबाबदारी. पेपरात बिल्डरची पानभर जाहिरात येते, उद्या फसलात तर संपादकाला जाब विचारता का? मोठ्या माणसांनी स्वतःच्या पैशाची काळजी स्वतः घ्यावी.

नाचणी
@चहाबाज, पेपरातली जाहिरात चौकटीत असते, वर बिल्डरचं नाव असतं. संपादक तिथे येऊन 'माझ्या आजीलाही जागा आवडली' असं सांगत नाही. इथे त्या मुलाने स्वतःची आजी, स्वतःचं गाव, स्वतःची बोली वापरली. पैसे त्याचेच मोजले गेले ना? चेहरा अनोळखी असता तर बिल्डरने एक रुपया दिला नसता.

सातबारा
या विषयाशी रोजचा संबंध येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे 'एनए होतंय' या शब्दांना कागदावर काही किंमत नाही. जमीन बिनशेती, म्हणजेच एनए, झालेली असते किंवा नसते. नसेल तर ती शेतजमीन, आणि महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे ती परवानगीशिवाय घेता येत नाही. शिवाय शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदी कायदा आहेच. मग पळवाट काढतात. दहा-पंधरा खरेदीदारांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामायिकात चढवतात, प्लॉटच्या सीमा फक्त ब्रोशरवर रंगवलेल्या असतात. आपला तुकडा कोणता हे सरकारी नकाशात कुठेच नसतं. पुढे एखाद्या सहहिस्सेदाराने हरकत घेतली की सगळे अडकतात.

दुसरं म्हणजे रेरा, घरं आणि प्लॉट विकणाऱ्यांसाठीचा कायदा. प्लॉट पाडून विकणं हाही रेराच्या व्याख्येत प्रकल्प आहे. अगदी छोटे प्रकल्प सोडले तर नोंदणी लागते, आणि जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, क्रमांक द्यावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून सोबत क्यूआर कोडही. ताई, त्या व्हिडिओत क्रमांक होता का?

तिसरा मुद्दा बहुतेक यूट्यूबर मुलांना माहीतच नसतो. रेरा कायद्यात एजंटची व्याख्या फार रुंद आहे. कोणत्याही माध्यमातून घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून दिली आणि त्याबद्दल फी किंवा कमिशन घेतलं तर तो एजंट, आणि एजंटला नोंदणी लागते. व्हिडिओचे एकरकमी पैसे घेतले तर वाद घालता येईल. पण 'माझं नाव सांगा, माझ्या नंबरवरून बुकिंग करा' असं असेल आणि दर प्लॉटमागे पैसे मिळत असतील, तर 'मी फक्त माहिती दिली' हे टिकणं अवघड आहे.

रानजाई
@सातबारा, धन्यवाद. पुन्हा बघितला. क्रमांक नाही, क्यूआर नाही. नंबर देताना तो म्हणतो, 'माझ्या चॅनलचं नाव सांगितलंत तर स्पेशल डिस्काउंट.'

सातबारा
मग तो भाग स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा. आजच. असे व्हिडिओ तक्रारीचा वास लागला की प्रायव्हेट होतात.

गावकूस
मला या धाग्याचा सूर पटत नाहीये. गावातली पोरं आत्ता कुठे चार पैसे बघायला लागली. हॉटेलात भांडी घासायला मुंबईला जाण्यापेक्षा गावात राहून कॅमेरा धरतात, त्यातून घरावर पत्रे पडतात, बहिणीचं लग्न होतं. त्यांना वकील परवडत नाही, सातबारा वाचायला कुणी शिकवलेलं नाही. आणि ज्यांच्याकडे सीए, वकील, मॅनेजर सगळं आहे ते सिनेमातले हिरो वेलचीच्या नावाखाली पानमसाला विकतात. रमीच्या ॲपची जाहिरात कुणी केली नव्हती? त्यांना सोडून आपण शिमग्याचा व्हिडिओ करणाऱ्याला धरतोय.

नाचणी
गावकूस, पोरांच्या कमाईबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण फसला तो कारखान्यातला कामगार, तोही कुणी शेठ नाही. एकाच्या घरावर पत्रे पडावेत म्हणून दुसऱ्याची बचत जावी हे कसं चालेल?

रमीचं म्हणाल तर तिथे उशिरा का होईना दार बंद झालं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड ठेवला. त्याआधी मार्च २०२५ मध्ये तेलंगणात पोलिसांनी बेटिंग ॲपच्या जाहिरातींवरून नट-नट्या आणि यूट्यूबर अशा २५ जणांवर एकाच वेळी गुन्हा नोंदवला. लहान-मोठे सगळे एकाच यादीत होते.

टिकली
मी सोलापुरात साड्यांचं आणि घरच्या पाककृतींचं पेज चालवते. फॉलोअर्स लाखात नाहीत, तरी कोलॅब, म्हणजे ब्रँडची कामं, येतात. हे काम आतून कसं चालतं ते लिहिते, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

ब्रँड सहसा थेट येत नाही, मध्ये एजन्सी असते. पहिला मेसेज, 'मॅम, कमर्शियल्स शेअर करा.' आकडा सांगितला की दुसरा मेसेज, 'बार्टर चालेल का?' म्हणजे पैसे नाहीत, वस्तू ठेवून घ्या. जमलंच तर ब्रीफ, म्हणजे काय दाखवायचं-बोलायचं याच्या सूचना, येतो. अलीकडचा एका मसाल्याचा ब्रीफ अजून माझ्या फोनमध्ये आहे. पहिल्या तीन सेकंदांत पाकीट दिसलं पाहिजे. नाव दोनदा घ्या. फोडणीचा क्लोजअप हवा. दुसऱ्या कुठल्याही मसाल्याचा डबा फ्रेममध्ये नको. 'आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हाच मसाला' असा घरगुती सूर ठेवा. 'ॲड' हा शब्द कॅप्शनच्या शेवटी बाकीच्या हॅशटॅगमध्ये घ्या. पार्सल गुरुवारी पोचेल, रील शनिवारी लागेल.

कंपनी नवी. मग पिढ्या कुठून आल्या? मी कळवलं की ते वाक्य बोलणार नाही, आमटी दोन वेळा करून बघितल्याशिवाय चवीवर बोलणार नाही, आणि पडद्यावर सुरुवातीपासून मराठीत 'सशुल्क जाहिरात' असं ठेवीन. एजन्सीच्या मुलीने फोन केला. बिचारी चांगली होती. म्हणाली, 'ताई, लेबल लावलं की रीच पडतो, क्लायंट ऐकत नाही हो.' काम गेलं. काही दिवसांनी तेच वाक्य, तसंच्या तसं, दुसऱ्या एका पेजवर ऐकलं.

काही ब्रँड माझ्या अटी मान्य करतात. एका इरकली विणणाऱ्या संस्थेने स्वतःहून सांगितलं की पहिल्या धुण्याला रंग जातो हेही सांगा, नाहीतर बायका साडी परत पाठवतात. त्या रीलवर सगळ्यात जास्त चौकश्या आल्या.

रानजाईताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: नाही संपत. पैसे घेतल्यावर तर ती वाढते, कारण आता मला वेळ देण्याचे पैसे मिळालेत. त्यातला थोडा वेळ वस्तू तपासण्यात जायलाच हवा.

डोंगरवाट
टिकली, ब्रीफचं वर्णन वाचून डोळे उघडले. यापुढे 'आमच्या सासूबाई म्हणतात' ऐकलं की आधी कोपऱ्यात लेबल शोधणार.

जिन्याखाली
आमचा नातू दुसरीत आहे. परवा शाळेत डबा उघडून मित्रांना म्हणाला, 'हॅलो गाइज, आज आपण बघणार आहोत आईने काय दिलंय.' शेवटी 'भाजी कशी वाटली कमेंटमध्ये सांगा' हेही झालं. बाई सांगत होत्या, सगळा वर्ग हसून लोळत होता. पण त्याच पोराने दुकानात एका चॉकलेट पावडरीसाठी हट्ट धरला, कारण 'त्या दादाने सांगितलंय, उंची वाढते.' सात वर्षांच्या पोराला 'पेड पार्टनरशिप' काय कळणार? मराठीत लिहिलं तरी नाही कळणार.

अधोरेखित
मी मुंबईत एका डिजिटल एजन्सीत काम करते, तेव्हा टिकलीताईंना फोन करणाऱ्या मुलीच्या खुर्चीत मीच बसते म्हणा. ब्रीफ असेच असतात. क्लायंटला जाहिरात 'ऑरगॅनिक', म्हणजे आपसूक केल्यासारखी, दिसायला हवी असते. पण नियम नाहीत असं कुणी समजू नये, नियम बरेच स्पष्ट आहेत.

जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था आहे, एएससीआय. १९८५ सालची, मुंबईतलीच. तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू झाले. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल निदान ३ सेकंद दिसलं पाहिजे, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत जितका वेळ त्या वस्तूबद्दल बोलणं चाललंय तितका पूर्ण वेळ. हॅशटॅगच्या गर्दीत पुरलेलं लेबल चालत नाही. म्हणजे टिकलीताईंच्या ब्रीफमधली ती सूचनाच नियमाविरुद्ध होती.

एएससीआय दंड करू शकत नाही, हे आधी मान्य करते. पण २० जानेवारी २०२३ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शिका काढली. तीत म्हटलंय की व्हिडिओत खुलासा फक्त डिस्क्रिप्शनमध्ये देऊन चालणार नाही, तो व्हिडिओच्या आत हवा, ऐकूही यायला हवा आणि दिसायलाही हवा. आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत. फुकट वस्तू, सहल, हॉटेलातला मुक्काम हे सगळं त्यात 'संबंध' म्हणून धरलंय, नुसते पैसेच नाहीत. रानजाई, तुमच्या व्हिडिओने यातला एकही मुद्दा पाळलेला दिसत नाही.

रीच पडतो म्हणतात त्याबद्दल: मी पाहिलेल्या कामांत लेबलपेक्षा खोट्या सुरामुळे लोक जास्त सटकतात. पण हे क्लायंटला पटवताना घसा कोरडा पडतो.

चहाबाज
नियम कागदावर असतील हो. शिक्षा कुणाला झाली?

अधोरेखित
@चहाबाज, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २१ वाचा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्याला, दोघांनाही १० लाखांपर्यंत दंड करता येतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्ष, पुढच्या वेळी तीन वर्षं, कुठलीही शिफारस करायला बंदी घालता येते. मात्र दावे खरे आहेत का हे आपण नीट तपासलं होतं असं त्याने दाखवलं तर तो सुटतो. रानजाईंचा मूळ प्रश्न हाच आहे ना? कायद्याचं उत्तर त्या सवलतीत आहे. तपासणं हे शिफारस करणाऱ्याचंच काम धरलंय.

या कलमाचा वापर कमी होतो, ही तुमची तक्रार रास्त आहे.

काढा
आयुर्वेद चिकित्सक आहे, सांगली भागात. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या, कारण रोज भजनं टाकणाऱ्या एका ताईंनी कुठल्याशा चूर्णाची रील केली. काकूंचं म्हणणं, 'त्या खोटं कशाला बोलतील, माळकरी आहेत.' साखर ४०० च्या वर गेली, पायाला जखम, ती भरेना. वेळेत आल्या म्हणून पाय वाचला.

मी हे आयुर्वेदाच्या बाजूचा माणूस म्हणून लिहितोय. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींचा तो कायदा. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरसाठी आणखी सूचना आल्या: शिक्षण असेल तर ते सांगा, नसेल तर हा वैद्यकीय सल्ला नाही हे ठळक सांगा. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही औषधांच्या जाहिरातींच्या खटल्यात म्हटलं की दिशाभूल झाली तर प्रसिद्ध व्यक्ती आणि इन्फ्लुएन्सरही तितकेच जबाबदार.

म्हणून माझं मत रानजाईंच्याही पुढे आहे. औषधाच्या बाबतीत लेबल लावा, तपासा, काहीही करा, पैसे घेऊन शिफारस करूच नये. तिथे सशुल्क शिफारस मुळातच अनैतिक.

नाचणी
काढा, पूर्ण अनुमोदन. शेअर बाजारही त्याच यादीत घाला. आमच्या ऑफिसातल्या मुलाने टेलिग्रामवरच्या 'सरां'च्या टिपांवर पगार घालवला. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने जानेवारी २०२५ मध्ये सांगून टाकलं की नुसतं शिकवतो म्हणणाऱ्यांनी तीन महिन्यांच्या आतले भाव वापरायचे नाहीत. शिकवायचं असेल तर जुन्या भावांवरही शिकवता येतं.

तर्री
आमचं नाशिकला मिसळीचं छोटं हॉटेल आहे. समोरून कसं दिसतं ते ऐका. आठवड्यातून एखादा तरी फूड व्लॉगर येतो किंवा मेसेज टाकतो. पॅकेज ठरलेलं: एक रील, तीन स्टोऱ्या, येणाऱ्या सगळ्या मित्रांचं खाणं, वर रोख. नाही म्हटलं की काहीजण हसून सांगतात, 'काका, हल्ली गिऱ्हाईक रिव्ह्यू बघूनच येतं.' याचा अर्थ मला कळतो.

मी पैसे देत नाही. पण एकदा कॉलेजची एक मुलगी आली, खाल्लं, बिल भरलं आणि जाऊन व्हिडिओ टाकला. 'तर्री मस्त, मटकी नीट शिजलेली, पाव मात्र कालचा वाटला.' पोरगी बरोबर बोलली होती. बेकरीवाला सकाळच्या गाडीत आदल्या दिवशीचे पाव मिसळून देत होता. मी लादी हातात घेऊन दाबून बघायला लागलो, मग बेकरीच बदलली. त्या व्हिडिओने गिऱ्हाईक पण वाढलं. पैसे दिले असते तर पावाचं कुणी सांगितलं असतं का मला?

टिकली
तर्रीदादा, तुमचा हा प्रतिसाद माझ्या सगळ्या एजन्सीवाल्यांना पाठवणार आहे.

कढीपत्ता
तर्रीकाका, तुम्ही मनाचे मोठे. सगळे तसे नसतात. नावं ठेवणाऱ्याचं काय होतं तेही या चर्चेत यायला हवं. एका यूट्यूबरने 'पॅराशूट' खोबरेल तेलावर टीका करणारा व्हिडिओ केला होता, कंपनी कोर्टात गेली आणि जानेवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो काढायला सांगितला. इन्फ्लुएन्सरचा लोकांवर प्रभाव असतो, त्यामुळे त्याला सामान्य माणसासारखं बेधडक बोलता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. पुढे प्रकरण अपिलात गेलं. एप्रिल २०२३ मध्ये बोर्नव्हिटातल्या साखरेवरचा व्हिडिओही नोटीस आल्यावर काढला गेला. वर्षभराने केंद्रानेच ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटात दाखवू नका.

स्तुतीला पैसे मिळतात आणि टीकेला वकिलाची नोटीस. मग पोरं कोणती वाट धरतील? ही व्यवस्था बदलल्याशिवाय एकट्या इन्फ्लुएन्सरला नीतिमत्ता शिकवून भागणार नाही.

गावकूस
कढीपत्ता, हेच मला म्हणायचं होतं, मला नीट मांडता आलं नाही.

लियाँवासी
फ्रान्समधून लिहितोय. इथे ९ जून २०२३ चा खास इन्फ्लुएन्सरांसाठीचा कायदा आहे. जाहिरात असल्याचं स्पष्ट दिसायला हवं, सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांची शिफारस करायलाच बंदी, आणि मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख युरोपर्यंत दंड. काढा म्हणतात तशी 'हे करूच नये' अशी यादी इथे कायद्यात आहे. आणखी एक गोष्ट मला आवडली. ठरावीक रकमेच्या पुढे लेखी करार सक्तीचा आहे आणि नुकसान झालं तर जाहिरातदार, एजंट आणि इन्फ्लुएन्सर एकत्र जबाबदार धरले जातात. गावकूस, यात तुमच्या गावातल्या पोराचंही संरक्षण आहे. बिल्डर हात झटकून त्याला एकट्याला पुढे करू शकत नाही.

डोंगरवाट
विषय थोडा बाजूला नेतो. फुकट आलेल्या पुस्तकाचं परीक्षण लिहिणं यात बसतं का? ट्रेकिंगच्या एका बॅगेचं मी लिहिलं होतं, ती कंपनीने पाठवली होती. परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहिलं होतं, तरी एकाने 'विकला गेलास' म्हणून सुनावलं.

अधोरेखित
पहिल्या ओळीत लिहिलंत म्हणजे उत्तम केलंत. वस्तू महाग असेल तर कराचंही बघा. कलम १९४आर १ जुलै २०२२ पासून आलं. वर्षाला २०,००० रुपयांच्या वरच्या अशा वस्तू ठेवून घेतल्या तर त्यावर १० टक्के टीडीएस. परत केली तर नाही. आयकर खात्यालाही फुकट वस्तू म्हणजे मोबदलाच वाटतो, तर वाचकाला वाटला तर नवल नाही.

रानजाई
सगळ्यांचे आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

सातबारा यांनी सांगितल्यावर व्हिडिओ रेकॉर्ड केला, टोकनची पावती आणि मेसेज एकत्र केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, एएससीआयकडे व्हिडिओची वेगळी तक्रार दिली. टोकन अजून मिळालेलं नाही. भावाने त्या मुलाला पुन्हा लिहिलं. या वेळी भांडण काढलं नाही, रेराचा क्रमांक आणि एजंट नोंदणीबद्दल विचारलं. त्याने फोन केला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. बिल्डरच्या माणसाने फाइल दाखवली, त्याने ती हातात धरून व्हिडिओत दाखवली, आत काय आहे ते वाचलं नव्हतं. गावकूस, इथे तुमचं म्हणणं मला जास्त कळलं. पण भावासारखे आणखी कितीजण टोकन भरून बसलेत हे त्यालाही माहीत नाही, आणि व्हिडिओ अजून चालू आहे. न वाचता फाइल दाखवणं हाच माझा आक्षेप. त्या फाइलवर लोक त्याच्या चेहऱ्यामुळे विश्वास ठेवतात.

आम्ही त्याला दोन गोष्टी मागितल्या आहेत: व्हिडिओ काढ, आणि त्याच चॅनलवर मराठीत सांग की तो सशुल्क होता आणि जमीन बिनशेती झालेली नाही. विचार करतो म्हणालाय.

चहाबाज
ताई, खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत हे माझं मत कायम आहे. पण फाइल न वाचता हातात धरून दाखवली असेल तर त्यालाही माफी नाही, इतकं मान्य. एक विचारतो. त्या पोराने व्हिडिओ काढला आणि तसं जाहीर सांगितलं, तर बिल्डर त्याच्यावर केस करेल का? पैसे घेतले असतील, काहीतरी लिहून दिलं असेल.

सातबारा
लिहून दिलं असेल तर तो कागद आधी बघायला हवा, एजन्सीवाले त्यात 'बदनामी करणार नाही' असं कलम टाकतात. पण खरी माहिती सांगण्याने बदनामी होत नाही. सातबारा सार्वजनिक कागद आहे. त्याने मत देऊ नये, 'फसवलं' वगैरे शब्द वापरू नयेत. गट नंबर, सातबाऱ्यावरची आजची नोंद आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प सापडतो की नाही, एवढंच दाखवावं. शक्य असेल तर बिल्डरला आधी लेखी कळवून पैसे परत करण्याची तयारी दाखवावी.

रानजाईताई, तो तयार असेल तर त्याला माझा निरोप द्या. इथे संदेश पाठवला तर मी कागद बघून देईन, फी नको. आणि टोकन भरलेले बाकीचे लोक त्याच्या कमेंटमधून शोधा. एकट्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून केलेल्या तक्रारीकडे लवकर बघितलं जातं.

रानजाई
निरोप पोचवला आहे. कमेंट चाळायला भाऊ आणि मी आज रात्री बसतोय.